प्रत्येक प्रवेश हरणारा राजा

शेक्सपिअर म्हटलं की आपल्याकडे हॅम्लेट, ऑथेल्लो, मॅकबेथ, लिअर. आगरकरांचं 'विकारविलसित', देवलांचा 'झुंझारराव', विंदांचा 'राजा लिअर' ही नावं नाटकवाल्या माणसाला झोपेतून उठवून विचारली तरी सांगता येतील. त्याच्या इतिहासनाटकांकडे मात्र आपण फारसे वळत नाही, आणि 'हेन्री सहावा'च्या वाटेला तर नाहीच. कारणं सगळ्यांना पाठ आहेत. तीन भाग, ढीगभर पात्रं, त्यात एडवर्ड आणि रिचर्ड एकापेक्षा जास्त, आणि या सगळ्यांच्या मधोमध काहीच न करणारा राजा. मी हे नाटक उचललं ते या शेवटच्या कारणासाठीच.

ज्यांना गोष्ट माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पाचवा हेन्री फ्रान्स जिंकत असतानाच १४२२ मध्ये वारला, तेव्हा त्याचा मुलगा नऊ महिन्यांचा होता. पाळण्यातलं पोर इंग्लंडचं राजा झालं, आणि दोन महिन्यांच्या आत आईचे वडील वारल्यावर फ्रान्सच्या गादीवरही त्याचाच हक्क सांगितला गेला. मोठा झाला तो देवभोळा, सज्जन, कुणाचं मन न मोडणारा. ईटनची शाळा आणि केंब्रिजचं किंग्ज कॉलेज त्यानं काढलं, दोन्ही आजही चालू आहेत. त्याच्याच कारकिर्दीत १४५३ पर्यंत कॅले सोडून फ्रान्समधलं सगळं हातचं गेलं, आणि पुढे एकाच घराण्याच्या दोन शाखा, लँकेस्टर आणि यॉर्क, एकमेकांच्या जिवावर उठल्या. ते भांडण तीस वर्षं चाललं. १४७१ मध्ये टॉवर ऑफ लंडनमध्ये राजाचा शेवट झाला तेव्हा त्याची पन्नाशीही आली नव्हती.

तिन्ही भाग सलग करायचे तर सकाळी पडदा उघडून रात्री पाडावा लागेल. १९६३ मध्ये रॉयल शेक्सपिअर कंपनीत पीटर हॉल आणि जॉन बार्टन यांनी हे भाग कापून, जोडून, मध्ये नवा मजकूर घालून केले होते, त्यामुळे कात्री लावायला माझा हात थरथरला नाही. आम्हाला एक मध्यंतर आणि अडीच तास एवढंच परवडणार होतं. मी नियम एकच ठेवला. ज्या प्रवेशात राजा आहे, किंवा ज्या प्रवेशात तो नाही हे जाणवतं, तेवढेच प्रवेश राहतील. त्यात जोन ऑफ आर्क गेली. त्या भूमिकेवर आमच्या दोन मुलींचा डोळा होता, त्या बरेच दिवस माझ्याशी तुटक बोलत होत्या. इंग्रजांचा सेनापती टॅलबॉट गेला, फ्रान्समधल्या सगळ्या लढाया गेल्या. राजाविरुद्ध उठलेल्या जॅक केडचं बंड ठेवलं, पण दहा मिनिटांचं.

सुरुवातीला मात्र हात लावला नाही, कारण ती सुरुवात फार मोठ्या ताकदीची आहे. वेस्टमिन्स्टर अॅबेत पाचव्या हेन्रीचा मृतदेह ठेवलाय आणि त्याच्या शेजारी उभे राहून राजाचा काका आणि चुलत आजोबा भांडतायत. तेवढ्यात दूत येतो, फ्रान्समधली शहरं गेली म्हणून सांगतो. मागोमाग दुसरा, मग तिसरा. नवा राजा या प्रवेशात शेक्सपिअरनं आणलेलाच नाही. आम्ही सिंहासनावर एक पांढरं झबलं आणि टोपडं ठेवलं. दरबारी येतात, मृतदेहाला वंदन करतात, मग वळून झबल्याला मुजरा करतात, आणि मग भांडायला लागतात. तालमीत पहिल्यांदा हे केलं तेव्हा मुजरा करताना एकदोघांना हसू आलं. मी म्हटलं, हसू येतंय ना, मग मुजरा आणखी खाली वाकून करा. पुढे कोणी हसलं नाही. प्रेक्षकही हसत नाहीत. ते झबलं पुढे पुन्हा येतं, त्याबद्दल खाली सांगते.

राजा कोणाला द्यायचा हा खरा पेच होता. आमच्याकडची तरुण मुलं बहुतेक पुरुषोत्तम करंडक या कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेतून आलेली. भरत नाट्यच्या शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायचा, मिळालेल्या वेळात छाप पाडायची आणि प्रवेश हातचा जाऊ द्यायचा नाही, हे त्यांच्या अंगात मुरलेलं असतं. नाटकवाल्यांच्या भाषेत समोरच्यानं 'सीन खाल्ला' हा नटाचा पराभव. आणि हेन्री हा असा माणूस आहे की त्याचा सीन प्रत्येक जण खातो. काका खातो, बायको खाते, दरबारातला सफोक खातो, गादीवर डोळा असलेला यॉर्कचा ड्यूक खातो, केडच्या बंडातला खाटीकसुद्धा राजाच्या गैरहजेरीत त्याचं राज्य खाऊन जातो. या भूमिकेला असा नट हवा होता, जो प्रत्येक प्रवेश हरायला तयार असेल आणि तरीही ज्याच्यावरची नजर प्रेक्षकांना काढता येणार नाही.

आम्हाला तो मिळाला. हिंजवडीला नोकरी करतो, तालमीला येईपर्यंत ट्रॅफिकनं पिळून निघालेला असतो, आणि सगळ्या कंपूत तोच एकटा असा आहे की समोरचा बोलत असताना स्वतःच्या पुढच्या वाक्याची तयारी करत नाही, खरंच ऐकतो. वाचनात माझ्या ते लक्षात आलं होतं. सुरुवातीला त्यानं दुर्बल राजा म्हणून खांदे पाडले, आवाज बारीक केला, बोटं चाळवायला लागला. हे सगळं मी काढायला लावलं. हेन्रीची वाक्यं दुबळी नाहीतच. यादवी हा राज्याची आतडी कुरतडणारा विषारी किडा आहे, असं तो पोरवयात भर पार्लमेंटमध्ये सांगतो. यात चूक काय आहे? शब्द न् शब्द खरा आहे. फक्त त्यानंतर कोणी थांबत नाही.

मग आम्ही राजाला सोडून दरबारावर काम सुरू केलं. राजा बोलायला लागला की कोण कुठे बघतं? त्याचं वाक्य संपल्यावर पहिलं कोण हलतं? यॉर्क करणारे आमचे काका खडकीच्या अॅम्युनिशन फॅक्टरीतून निवृत्त झालेत, मोजून बोलणारा माणूस. त्यांनी एक गोष्ट शोधली. राजा बोलत असताना ते पूर्ण आदरानं त्याच्याकडे बघतात, वाक्य संपलं की किंचित मान झुकवतात, आणि मग मघाशी स्वतःचं बोलणं जिथे तुटलं होतं तिथूनच पुढे बोलायला लागतात. बस्स. त्यात उद्धटपणा कुठेच नाही. पण राजा जे बोलला ते हवेत विरून गेलं हे शेवटच्या रांगेला कळतं. राजाची दुर्बलता नटाच्या खांद्यांत नसते, ती दरबाराच्या कानात असते, हे माझं मत या तालमींत पक्कं झालं आणि पुढे सगळं नाटक मी त्याच अंगानं बसवलं.

गुलाबांचा प्रवेश तुम्हाला ऐकून माहीत असेल. लंडनमध्ये टेम्पलच्या बागेत यॉर्क पांढरं फूल खुडतो, लँकेस्टरच्या बाजूचा सॉमरसेट तांबडं, आणि बाकीचे आपापली बाजू निवडतात. इतिहासात असं काही घडल्याचा पुरावा नाही, हा शेक्सपिअरचा स्वतःचा प्रवेश. पण खरा घाव बसतो तो नंतर, पॅरिसच्या राज्याभिषेकाच्या प्रवेशात. दोन्ही बाजूंची माणसं भांडण घेऊन राजापुढे येतात. राजा म्हणतो, फुलावरून कसले भांडता? आणि सहज एक तांबडा गुलाब घेऊन स्वतःच्या छातीला लावतो. मी हे फूल लावलं म्हणून कोणी असं समजायचं कारण नाही की मी यॉर्कपेक्षा सॉमरसेटला जवळचा मानतो, दोघंही माझेच नातलग आहेत, असं समजावतो. मनापासून सांगतो. आणि तेवढ्यात यॉर्क कायमचा दुरावतो.

फुलं आम्ही खरीच वापरतो. प्रयोगाच्या दिवशी सकाळी मंडईतून आणायची. पांढरा गुलाब धड मिळेलच असं नाही, लग्नसराईत तर सजावटवाले पहाटेच उचलतात, म्हणून आदल्या दिवशी सांगून ठेवावं लागतं. कापडी गुलाब घ्या, असं प्रॉपर्टी, म्हणजे नाटकातल्या वस्तू, बघणारा मुलगा मला कितीदा सांगून बघतो. पण खऱ्या गुलाबाचं देठ छातीला लावताना राजाला दोन्ही हात लागतात, मान खाली घालावी लागते, काटा सांभाळावा लागतो. तेवढा वेळ त्याचं दरबाराकडे लक्ष नसतं. त्या चारपाच सेकंदांत यॉर्कचा चेहरा बदलतो, आणि राजा मान वर करतो तेव्हा सगळं घडून गेलेलं असतं. पिन लावलेल्या कापडी फुलानं हा वेळ मिळाला नसता.

नाटकात माझा जीव सर्वांत जास्त अडकला तो ग्लॉस्टरच्या अटकेच्या प्रवेशात. ग्लॉस्टर म्हणजे राजाचा काका, त्याच्या लहानपणी राज्य सांभाळणारा. बेरी सेंट एडमंड्सला पार्लमेंट भरलंय. राणी मार्गारेट, सफोक, यॉर्क, चुलत आजोबा, सगळे एकत्र येऊन म्हाताऱ्यावर फितुरीचा आळ घेतात. राजाला माहीत आहे की काका निर्दोष आहे. तसं तो बोलूनही दाखवतो. काकाला धरून नेतात, आणि मग राजा भरल्या डोळ्यांनी म्हणतो की, सरदारहो, तुमच्या शहाणपणाला पटेल ते करा, आम्ही इथे हजर आहोत असं समजून करा. आणि उठून निघतो. जाता जाता तो स्वतःबद्दल जे बोलतो ते मराठीत आणताना मला काहीच करावं लागलं नाही. खाटीक वासराला बांधून नेतो आणि गाय हंबरत इकडून तिकडे धावते, पोर गेलं त्या वाटेकडे बघत राहते, तिच्यानं दुसरं काही होत नाही, तसा मी.

दिवसा मी एका सहकारी बँकेत कर्ज विभागात बसते. भिडेखातर जामीनदार म्हणून सही करणारी माणसं रोज बघते. हप्ते थकणार हे त्यांना आतून ठाऊक असतं, तरी पेन हातात घेतात. हेन्री मला त्या खुर्चीत बसलेला दिसतो. त्याला कळत नाही असं अजिबात नाही. या माणसाला सगळ्यांच्या आधी कळतं, सगळ्यांपेक्षा स्वच्छ कळतं. कळल्यानंतर जे करायचं असतं तिथे तो उठून जातो. त्याच्या चांगुलपणाबद्दल माझ्या मनात शंका नाही, त्याच्याबद्दल मला मायाही वाटते, आणि तरीही ग्लॉस्टरच्या मरणाचा पहिला धनी मी त्यालाच मानते.

या निघून जाण्याचं ब्लॉकिंग, म्हणजे कोणी कधी कुठे हलायचं ते, बसता बसत नव्हतं. राजा उठला की सगळ्यांनी उठायचं, हा दरबारी शिरस्ता. तो विंगेत जाईपर्यंत सगळे उभे. मग? कोणीतरी सिंहासनावर बसावं, अशी एक सूचना आली. मी नको म्हटलं, ते फार ठळक झालं असतं. शेवटी असं केलं की राजा गेल्यावर सगळे आपापल्या खुर्च्या उचलून थोड्या आत ओढतात, एकमेकांकडे तोंड करून. सिंहासन त्यांच्या पाठीमागे राहतं. खुर्च्या ओढल्याचा तो लाकडी आवाज हीच आमच्या नाटकातली पहिली लढाई आहे.

शेक्सपिअरनं जे गाळलं त्यातलं एक मात्र मी घातलं. ऑगस्ट १४५३ मध्ये खऱ्या हेन्रीची शुद्ध हरपली. बोलणं नाही, ओळख नाही, उठवलं तर उठायचं, भरवलं तर खायचं. दीड वर्षाच्या आसपास असंच. त्याचे आईकडचे आजोबा, फ्रान्सचे सहावे चार्ल्स, आपण काचेचे आहोत, कोणी धक्का दिला तर फुटू, असं समजायचे. म्हणजे घरात हे दुखणं आधी होऊन गेलेलं. त्या ऑक्टोबरात मार्गारेटला मुलगा झाला. जानेवारी १४५४ मधल्या एका पत्रात लिहिलंय की बकिंगहॅमच्या ड्यूकनं बाळाला उचलून राजापुढे नेलं, आशीर्वाद द्या म्हणाला. राजा गप्प. मग राणीनं बाळ हातात घेऊन तसंच केलं. राजानं फक्त एकदा बाळाकडे बघितलं आणि पुन्हा नजर खाली केली. मार्चमध्ये पार्लमेंटनं शिष्टमंडळ पाठवलं, त्यांनी पुन्हा पुन्हा विचारून पाहिलं, तोंडातून अक्षर निघालं नाही. मग यॉर्कला राज्याचा रक्षक नेमलं.

हा प्रवेश आम्ही एकही शब्द न घालता केला. राजा खुर्चीत. मार्गारेट बाळ घेऊन येते, आणि बाळाच्या अंगात तेच पहिल्या प्रवेशातलं झबलं. आमची मार्गारेट म्हणजे नेपथ्य सांभाळणाऱ्याची बायको, म्हणून सगळ्यांची वहिनी. वहिनीला मी सांगितलं होतं, रडायचं नाही. ती रडत नाही. बाळ पुढे धरते, वाट बघते, पुन्हा पुढे धरते. मग वळते, आणि वळताना तिची पाठ ताठ झालेली असते. नाटकात पुढे ही बाई तलवार घेऊन उभी राहते, यॉर्कच्या अल्पवयीन मुलाच्या रक्तात भिजलेला रुमाल त्याच्याच तोंडापुढे नाचवते. तिला राक्षसीण म्हणून दाखवणं फार सोपं आहे. हा प्रवेश बघितलेला प्रेक्षक तिला तेवढ्यावर सोडत नाही. राजा शुद्धीवर आला १४५४ च्या नाताळात. मुलाला पुढे आणलं तेव्हा त्यानं नाव विचारलं, एडवर्ड म्हटल्यावर हात वर करून देवाचे आभार मानले. तेही घ्यायचं मनात होतं, वेळेत बसलं नाही.

तालमी रंगात आल्यावर एक वाद उफाळला. पुण्यात बसून इंग्लंडचा गृहकलह कशाला, हे सगळं पेशवाईत आणा, असं काहींचं म्हणणं. ते अगदीच वावगं नव्हतं. तालमीची जागा नारायण पेठेतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये, तिथून शनिवारवाडा चालत जाण्याच्या अंतरावर. १७७३ मध्ये 'काका, मला वाचवा' ही हाक ज्या वाड्यात उठल्याचं आपण पिढ्यानपिढ्या ऐकत आलोय, तो वाडा. खाडिलकरांनी 'भाऊबंदकी' याच घटनेवर लिहिलं. मी नकार दिला. नावं, गावं, सगळं इंग्लंडचंच राहील, असं सांगितलं. प्रेक्षक आपला वाडा सोबत घेऊनच येतो, तो रंगमंचावर पुन्हा बांधायची गरज नसते.

पण त्या वादात यॉर्क करणाऱ्या काकांनी एक उदाहरण काढलं ते मला फार उपयोगी पडलं. १७६२ मध्ये आळेगावच्या लढाईत राघोबादादांनी निजामाची मदत घेऊन पुतण्याला, थोरल्या माधवरावांना, हरवलं. माधवराव स्वतः चुलत्याच्या छावणीत गेले आणि स्वाधीन झाले. राज्य दुभंगू नये म्हणून. वय अठराच्या आतबाहेर. काका म्हणाले, "ताई, देऊन टाकणं म्हणजे दुर्बलपणा असं धरलंत तर मग माधवरावांना काय म्हणाल?" पुढच्याच वर्षी राक्षसभुवनला निजामाला धूळ चारणारा हा माणूस.

हे डोक्यात ठेवून मी १४६०चा करार पुन्हा वाचला. यॉर्क चक्क सिंहासनावर जाऊन बसलाय आणि हेन्री तडजोड करतो. मी जिवंत आहे तोवर मला राजा राहू द्या, नंतर गादी तुम्हाला. म्हणजे स्वतःच्या मुलाचा हक्क गेला. आळेगावला माधवरावांनी स्वतःला दिलं. हेन्रीनं दिलं ते मुलाचं, आणि बदल्यात स्वतःची खुर्ची राखली. फरक इथे आहे. आमच्या राजाला हे सांगितल्यावर त्यानं त्या प्रवेशातलं एक वाक्य वेगळंच म्हटलं. मुलाकडे न बघता. तेव्हापासून तसंच आहे.

आता कपड्यांबद्दल. ड्रेपरीवाल्यांकडे 'विलायती राजा' म्हणून जे मिळतं ते शाळेच्या गॅदरिंगचं. चकचकीत मखमल, गळ्याशी पांढरी खोटी लोकर. त्यात पंधराव्या शतकातला माणूस दिसणं अशक्य. आम्ही मांजरपाट रंगवून अंगरखे शिवले आणि वरून सगळ्या सरदारांना काळ्या घोंगड्या दिल्या. खरबरीत, जड, लोकरीचा वास असलेल्या. दोन्ही बाजूंना एकच घोंगडी, वेगळं काय ते फक्त फूल. एका रक्ताची माणसं लढतायत हे वेगळं सांगावं लागलं नाही.

आणि त्या घोंगडीनं टाऊटनच्या प्रवेशात आम्हाला हात दिला. २९ मार्च १४६१, झावळ्यांचा रविवार, हिमवादळात झालेली लढाई. बर्फाचा मारा लँकेस्टरच्या सैन्याच्या तोंडावर, वारा यॉर्कच्या तिरंदाजांच्या पाठीशी. त्या काळच्या पत्रांत २८,००० मेल्याचा आकडा येतो. आजचे अभ्यासक तो फुगवलेला मानतात, तरी इंग्लंडच्या भूमीवर एवढी रक्तपाती लढाई दुसरी क्वचितच झाली असेल. खरा हेन्री त्या वेळी यॉर्क शहरात होता. नाटकातला हेन्री रणाच्या कडेला एका वारुळाएवढ्या उंचवट्यावर बसलाय, कारण राणीनं आणि तिच्या बाजूच्या क्लिफर्ड या सरदारानं त्याला हाकललंय. तू नसलास की आम्ही जिंकतो, म्हणून. आम्ही त्यासाठी तीच बुटकी लेव्हल, म्हणजे लाकडी चौथरा, वापरतो, जिच्यावर थोड्या वेळापूर्वी यॉर्कला उभं करून डोक्यावर कागदी मुकुट चढवला होता. शेक्सपिअरनंही दोघांना उंचवटाच दिलाय.

तिथे बसून राजा म्हणतो, मी मेंढपाळ असतो तर किती बरं झालं असतं. घटका मोजल्या असत्या. इतका वेळ कळप राखायचा, इतका वेळ झोपायचं, इतका वेळ देवाचं नाव घ्यायचं. मेंढ्या गाभण राहून इतके दिवस झाले, इतक्या आठवड्यांनी व्यायच्या, इतक्या वर्षांनी लोकर कातरायची. हे बोलताना आमचा राजा खांद्यावरची घोंगडी डोक्यावरून घेऊन तिची खोळ करतो, आपले धनगर पावसात करतात तशी. ही खोळ शिकायला मी त्याला घेऊन सासवडच्या बाजूला गेले होते. दिवाळीनंतर धनगरांचे वाडे, म्हणजे तळ, खाली कोकणाकडे उतरायला लागतात, तेव्हा एका शेतात मेंढरं बसवलेली होती. म्हाताऱ्या धनगरानं घोंगडीची घडी दोनदा करून दाखवली. आमच्या मुलानं त्याला राजाचं भाषण थोडक्यात सांगितलं. आजोबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "आन् लांडगा? राती लांडगा आल्यावर तुमचा राजा काय करणार?"

या प्रश्नानं भाषणाचा सूरच बदलला. तोवर ते गोड वाटायचं, एखाद्या अभंगासारखं डुलत जायचं. आता आमचा राजा मोजदाद करता करता अडखळतो. कळपही आपल्याला राखता आला नसता हे त्याला मध्येच उमगतं, आणि तरीही तो मोजतच राहतो.

लढाईच्या आवाजासाठी ढोल-ताशाचा आग्रह झाला. पथकात वाजवणारी मुलं आमच्यात आहेतच. मी ठाम नाही म्हटलं. लक्ष्मी रस्त्यावर ढोल वाजायला लागला की आपल्या सगळ्यांच्या अंगात चढतो. माणूस उभा राहतो, हसतो, हात वर करतो. भाऊ भावाला मारतोय तिथे प्रेक्षकाच्या अंगात काही चढलेलं मला नको होतं. लढाईला आम्ही फक्त लाकडी लेव्हल्सवर काठ्या आपटल्या, तालाशिवाय. आणि मग एकदम शांत. प्रेक्षागृहाच्या दोन दारांतून दोन माणसं एकेक प्रेत ओढत येतात. एकानं लुटीसाठी मारलेल्या शत्रूचं शिरस्त्राण काढलं तर आत बाप निघाला. दुसऱ्यानं काढलं तर मुलगा. दोघंही रडतात, आणि मध्ये बसलेला माणूस राजा आहे हे दोघांनाही ठाऊक नाही. राजा त्यांच्याबरोबर रडतो, पण ते त्याच्याकडे बघतही नाहीत. तिघांची बोलणी एकमेकांत गुंफलेली आहेत आणि कोणीही कोणाशी बोलत नाही. हा प्रवेश तालमीत जेव्हा जेव्हा व्हायचा, चहा आणणारा पोरगा किटली खाली ठेवून दारात उभा राहायचा.

शेवटी टॉवर. २१ मे १४७१. मुलगा ट्यूक्सबरीला मारला गेलाय, बायको कैदेत आहे, मुकुट यॉर्कच्या थोरल्या मुलाकडे, एडवर्डकडे गेलाय. राजाच्या हातात एक पुस्तक. एडवर्डचा धाकटा भाऊ रिचर्ड, हाच पुढे तिसरा रिचर्ड होणार, त्याला मारायला आलाय. आणि इथे हेन्री बोलायला लागतो. आजवर ज्याचं वाक्य कोणी पुरं ऐकलं नाही तो माणूस रिचर्डला तोंडावर सांगतो की तू जन्मलास तेव्हा घुबड ओरडलं, कुत्री रडली, वादळानं झाडं पाडली. हजारो म्हातारे, विधवा, अनाथ पोरं तुझ्या जन्माच्या नावानं बोटं मोडतील. सगळं नाटकभर याचं ऐकून हसणारा रिचर्ड इथे गप्प उभा असतो. हा एकच प्रवेश राजा खातो.

मूळ संहितेत रिचर्ड त्याला वाक्याच्या मध्येच भोसकतो, आता आणखी ऐकणार नाही म्हणून. आमचा रिचर्ड अतिशय चांगला नट आहे आणि त्याला वाटतं की राजाचं वाक्य पुरं होऊ द्यावं, मग एक क्षण थांबावं, मग वार करावा. प्रत्येक प्रयोगाआधी मेकअपच्या खुर्चीत बसून तो मला हे पुन्हा विचारतो, आणि मी त्याला पुन्हा सांगते की वार वाक्याच्या मध्येच होईल, क्रियापदाच्या आधी. पुढचा प्रयोग कोथरूडला आहे. तिथेही तो विचारणार, आणि तिथेही वाक्य तुटणार.